नानांच्या बोअरला समुद्र लागला तेव्हा

२०२४ची महाशिवरात्र. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात त्या दिवशी देवळाच्या रांगेपेक्षा नानांच्या शेतात जास्त गर्दी होती. ५६० फुटांवर बोअरला पाणी लागलं होतं, दोन इंचाची धार पडत होती, आणि पाणी चाखून बघणारा प्रत्येक जण तोंड वाकडं करत होता. मचूळ, थोडं खारट. गर्दीतले एक म्हातारे ठामपणे म्हणाले, "नाना, समुद्राची शीर लागली तुम्हाला. आता पिढ्यान् पिढ्या बघायचं काम नाही."

चाळीस दिवसांनी, पाडवा होऊन आठवडा उलटला तेव्हा, ती बोअर हवा मारायला लागली. तिच्या आधी शेजारची जुनी विहीर आटली.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि मूळचा याच गावचा. असं प्रकरण आमच्या भागात दर उन्हाळ्याला घडतं. घडून गेलं की लोक नशिबाला बोल लावून पुढच्या बोअरचा नारळ फोडतात. या वेळी पहिल्या रात्रीपासून माझ्याजवळ वही होती, म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

बोअरची रात्र

नानांची जमीन सहा एकर. त्यात दोन एकर ऊस उभा. विहीर बेचाळीस फूट खोल, बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या वडिलांनी खोदलेली, दगडी बांधणीची. साधारण पाऊसकाळ झाला तर तिचं पाणी होळीपर्यंत पुरतं. पण २०२३चा ऑगस्ट कोरडा गेला. देशभराचा विचार केला तर १९०१पासूनच्या नोंदींमध्ये इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी पडला. आमच्याकडे सोयाबीनच्या शेंगा भरायच्या वेळी जमिनीला भेगा होत्या. संक्रांतीला विहिरीवरची मोटर कशीबशी दोन तास चालत होती, आणि ऊस तर उभाच होता.

पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून जागा दाखवली. विहिरीपासून नव्वद पावलं. गाडी आली ती तमिळनाडूची, रात्री नऊला सुरू झाली. मी बॅटरी घेऊन बांधावर बसलो आणि दर वीस फुटांना निघणाऱ्या चुऱ्याची चिमूट कागदाच्या पुडीत बांधत गेलो.

पहिले तीस फूट मुरूम. तेवढ्यालाच केसिंग, म्हणजे भोकाची भिंत धरून ठेवणारा पाइप, टाकली. पुढं कडक दगड आहे, भिंत ढासळणार नाही, उगाच पाइपाचा खर्च कशाला, असा हिशोब होता. अडतीस फुटांवर भोकाभोकांचा मांजऱ्या दगड लागला आणि धूळ ओली येऊ लागली. गाडीवाल्यांच्या दृष्टीनं ती नुसती ओल होती, त्यांनी हॅमर थांबवला नाही. मी वहीत लिहिलं: "३८ फूट, ओल." पुढं सगळी उकल या दोन शब्दांवर झाली. त्यानंतर काळा पाषाण. एकशे नव्वदच्या आसपास गेरूसारखी लाल माती निघाली, तांबडा फुफाटा आमच्या अंगावर आला. पुन्हा काळा पाषाण, तासन् तास. पहाटे ५६० फुटांवर हॅमरचा आवाज बदलला आणि भोकातून राखाडी पाण्याचा लोट माणसाच्या डोक्यावर गेला. नानांनी डोक्यावरचा पटका काढून त्या पाण्याला हात जोडले. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्या माणसाला खोटं ठरवायला मी हे लिहीत नाहीये.

डाळ शिजेना

पाण्याची पहिली तक्रार स्वयंपाकघरातून आली. नानांच्या सूनबाई, म्हणजे आमच्या वहिनी, सांगायला लागल्या की तुरीची डाळ चार शिट्ट्या झाल्या तरी टणक राहायली, साबणाला फेस येईना, आणि चहाच्या पातेल्याला आतून पांढरी पुटं धरायली. त्यांची मुलगी माझ्या वर्गात, सातवीत. तिनं पाण्याचा धडा चालू असताना विचारलं, "सर, आमच्या शेताखाली खरंच समुद्र आहे का?"

या प्रश्नाला 'नाही' म्हणून पुढचं पान उलटता आलं असतं. पण मग सूनबाईंच्या डाळीचं आणि नानांच्या जिभेचं काय? चव तर खोटी नव्हती. म्हणून आम्ही परीक्षा घ्यायचं ठरवलं.

पोषण आहाराच्या खोलीतून फूटभर रुंद, सपाट तळाच्या दोन पराती आणल्या. एकीत बोअरचं एक लिटर पाणी ओतलं. दुसरीत विहिरीवरून आणलेलं एक लिटर गोडं पाणी घेतलं आणि त्यात किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून पस्तीस ग्रॅम मीठ विरघळवलं. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी तेवढेच क्षार असतात. दोन्ही पराती शाळेच्या गच्चीवर. एवढ्या रुंद परातीत लिटरभर पाणी म्हणजे चौदा मिलिमीटरचा थर. आमच्याकडे उन्हाळ्याच्या कडक उन्हात उघड्या पाण्याचा दिवसाला दहा मिलिमीटरच्या वर थर उडून जातो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीपर्यंत दोन्ही पराती कोरड्या ठणठणीत होत्या.

मिठाच्या परातीत जाड, चमचमता थर होता, उलथण्यानं खरवडावा लागला. बोअरच्या परातीत मात्र भिंतीला चुना लावावा तसा पुसट पांढरा पापुद्रा. सगळा गोळा केला तर चिमूटभर. पोरांनी त्यावर लिंबू पिळलं. फसफसून बुडबुडे आले. मिठाच्या थरावर लिंबू पिळलं तर काहीच झालं नाही. म्हणजे बोअरच्या पाण्यातला मुख्य ऐवज मीठ नव्हता, तो चुन्याच्या जातीचा होता. चहाच्या पातेल्यातलं पुटं तेच, आणि डाळ न शिजण्याचं कारणही तेच. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतात, दाणा फुटत नाही.

पुढं प्रयोगशाळेतून पाणी तपासून आणलं. एकूण विरघळलेले क्षार लिटरला दोन हजार मिलिग्रॅमच्या आत, क्लोराइड तीनशेच्या आसपास. समुद्राच्या पाण्यात हेच आकडे पस्तीस हजार आणि एकोणीस हजार असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्षारांची इष्ट मर्यादा ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. नानांचं पाणी जड होतं, पण समुद्राच्या जवळपासही नव्हतं.

दुसरा पुरावा उंचीचा. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, मुलांनी ती कधी नीट वाचली नव्हती. औशाचा आमचा पट्टा समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे, म्हणजे जवळपास दोन हजार फूट. नानांची बोअर ५६० फूट. तिचा तळसुद्धा समुद्राच्या पृष्ठभागापेक्षा चौदाशे फूट उंच. तिच्यात समुद्राचं पाणी यायचं तर त्याला चौदाशे फूट चढावं लागेल.

आणि खाली काय आहे ते आमच्याच तालुक्यात पाहून झालंय. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथं ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. वरचे ३३८ मीटर बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण आणि मांजऱ्या, थरावर थर. त्याखाली काही मीटर जुना गाळ. त्याखाली अब्जावधी वर्षांचा स्फटिकी खडक. हे बेसॉल्टचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून, थंड होऊन, पुन्हा पसरून तयार झाले. दोन लाव्हांच्या मधल्या काळात वरचा दगड कुजून माती झाली आणि पुढच्या लाव्हानं ती भाजली. एकशे नव्वद फुटांवर आमच्या अंगावर उडालेला तांबडा फुफाटा तोच.

असल्या दगडात पाणी राहतं ते भेगांत, सांध्यांत, मांजऱ्याच्या भोकांत. शंभर घनफूट कुजका, भेगाळ बेसॉल्ट पिळून काढला तर दोन-तीन घनफूट पाणी मिळेल. अखंड काळ्या पाषाणात तेवढंही नाही. ५६० फुटांवर जी फट लागली तिच्यात कित्येक वर्षं थांबलेलं पाणी होतं. पाणी जितका काळ दगडात मुरून बसतं तितकं ते दगड खातं. पावसाच्या थेंबात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळून तो किंचित आंबट होतो, आणि ती आंबटाई दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सोडवून घेते. मचूळपणा आला तो तिथून.

म्हाताऱ्यांचं म्हणणं उलटं करून पाहिलं तर

इथं मला थोडं थांबायचंय, कारण या प्रकरणातलं सगळ्यात सुंदर सत्य इथं आहे. समुद्राचा खारेपणा नानांच्या बोअरमध्ये आलेला नाही. उलट, नानांच्या शेतातला खारेपणा समुद्राकडे निघालेला आहे.

आमच्या ओढ्याचं पाणी तेरणेला जातं, तेरणा मांजरेला मिळते. मांजरा बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळ बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, सातशे किलोमीटरहून अधिक वाहते आणि तेलंगणाच्या हद्दीवर कंदकुर्तीला गोदावरीत शिरते. गोदावरी त्र्यंबकेश्वराहून निघते. तिथून अरबी समुद्र ऐंशी किलोमीटरच्या आसपास, पण ती पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. या वाटेवर प्रत्येक ओढा आपापल्या दगडाचे क्षार विरघळवून नेतो. ओढ्याचं पाणी आपल्याला गोड लागतं कारण त्यात क्षार कमी असतात. नसतात असं नाही.

समुद्रातून मग पाण्याची वाफ होते आणि क्षार मागं राहतात. परातीत झालं तेच, फक्त कोट्यवधी वर्षं चाललेलं. मात्र नदीनं नेलेला माल समुद्रात जसाच्या तसा राहत नाही. नदीच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जास्त असतात, समुद्रात ते शंख-शिंपल्यांच्या कवचांत आणि प्रवाळांत बांधले जातात, तळाशी चुनखडी होऊन बसतात. सोडियमला असं गिऱ्हाईक कमी, ते पाण्यात साचत राहतं. क्लोराइडचा मोठा वाटा तर पृथ्वीच्या पोटातून ज्वालामुखींच्या वायूंबरोबर आलेला. म्हणून समुद्र मिठाचा आणि आमची बोअर चुन्याची. मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आमचं पाणी समुद्राचं बाळ आहे." मी फळ्यावर तेच वाक्य लिहिलं.

मग समुद्र आपल्याकडे येतो कुठून? वरून. आणि गोडा होऊन.

पृथ्वीवरचं ९७ टक्के पाणी समुद्रात आहे. दर वर्षी समुद्रावरून सव्वाचार लाख घन किलोमीटरच्या आसपास पाणी वाफ होऊन वर जातं. त्यातलं बहुतेक पुन्हा समुद्रावरच पडतं. साधारण चाळीस हजार घन किलोमीटरची शिल्लक वाऱ्यावर बसून जमिनीकडे येते. जगातल्या सगळ्या नद्या, झरे आणि भूजल मिळून जेवढं पाणी समुद्राला परत करतात, तेही साधारण इतकंच. देणं-घेणं बरोबर.

ही वाफ हवेत फार दिवस टिकत नाही, सरासरी आठ ते दहा दिवस. म्हणजे मृगात आपल्या अंगावर पडलेला थेंब बहुधा मेअखेरीला किंवा जूनच्या पहिल्या दिवसांत कुठल्यातरी समुद्रावर, शेतावर नाहीतर झाडाच्या पानावर होता. उन्हाळ्यात भारतीय भूखंड तापतं, दक्षिण हिंदी महासागरातले वारे विषुववृत्त ओलांडून सोमालियाच्या किनाऱ्याजवळून वळतात आणि अरबी समुद्रावरून वाफ गोळा करत नैऋत्येकडून येतात. आमच्या गावापासून कोकणचा किनारा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पण मध्ये सह्याद्री उभा आहे. वारा त्यावर चढतो, गार होतो, ओझं उतरवतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्याकडे सातशेच्या आसपास, तोही चांगल्या वर्षी. घाट उतरलेला वारा पुन्हा तापतो आणि कोरडा होतो. यालाच पर्जन्यछाया म्हणतात.

मराठवाड्याला आधार असतो तो दुसऱ्या समुद्राचा. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात, आंध्र-ओडिशाचा किनारा ओलांडून पश्चिमेकडे सरकतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात आमच्याकडे झडी लावतात. नांदेड-हिंगोलीकडे पाऊस जास्त आणि बीड-धाराशिवकडे कमी, याचं एक कारण हे. आमची नदी जिथं जाते तिथलाच समुद्र आम्हाला पाऊस धाडतो, हे मला स्वतःला शिक्षक झाल्यावर बऱ्याच वर्षांनी नकाशा समोर ठेवून बसल्यावर उमगलं.

२०२३च्या ऑगस्टला हेच पट्टे आले नाहीत. त्या वर्षी पॅसिफिक महासागराचा विषुववृत्ताजवळचा मधला आणि पूर्वेकडचा, पेरू देशाच्या किनाऱ्याकडचा भाग नेहमीपेक्षा तापला होता, ज्याला अल निनो म्हणतात. तिथलं पाणी तापलं की ढगांची मोठी उलथापालथ त्या बाजूला सरकते आणि आपल्याकडच्या हवेला वर चढायला जोर राहत नाही. मी नानांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, कुठला पेरू देश अन् कुठला आमचा ऊस." प्रश्न रास्त होता. अल निनो आला की दुष्काळ ठरलेलाच असंही नाही. १९९७ला फार मोठा अल निनो होता आणि देशाचा पाऊस तरी सरासरीइतका झाला. पण २०१५चा अल निनो आम्ही विसरू शकत नाही. त्या पावसाळ्यात मराठवाड्यात ४० टक्के तूट होती, तीही २०१४ची मोठी तूट डोक्यावर असताना. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

पाणी गोड झालं

आता प्रकरणाच्या गाठीकडे येतो.

गुढीपाडवा ९ एप्रिलला होता. दोन-तीन दिवस आधी वहिनी शाळेच्या दारात भेटल्या आणि आनंदानं म्हणाल्या, "भाऊजी, बोअरचं पाणी सुधरायलंय बघा. आता डाळ शिजायली." नानाही खूश. बोअर 'धुऊन निघाली', आतला जुना खार गेला, असं त्यांचं म्हणणं.

मला त्या रात्री झोप लागली नाही. एखादी जुनी फट उपसत गेलो तर पाणी गोड व्हायला वरून ताजं पाणी यायला हवं. सहा महिन्यांत पाऊस नाही. मग गोडं पाणी येतंय कुठून?

सकाळी मोटर बंद होती तेव्हा शेतात गेलो आणि बोअरच्या तोंडाला कान लावला. आतून झुळझुळ आवाज येत होता. नळ नीट बंद केला नाही तर बादलीत बारीक धार पडते तसा. नानांना बोलावलं, त्यांनीही ऐकलं. पुडकी काढून वही उघडली. ३८ फूट, ओल.

नानांच्या विहिरीचे झरेसुद्धा पस्तीस ते चाळीस फुटांच्या दरम्यान आहेत, त्याच मांजऱ्या दगडात. केसिंग संपली होती तीस फुटांवर. म्हणजे ज्या थरातून विहीर भरते तो थर बोअरनं आरपार भोकसला होता आणि उघडा ठेवला होता. खालच्या फटीतलं पाणी उपसून पातळी खोल गेल्यावर वरच्या थराचं पाणी त्या भोकातून रात्रंदिवस खाली गळायला लागलं. पाचशे फूट खाली पाडायचं आणि तिथून विजेनं पुन्हा वर ओढायचं. डाळ शिजली ती विहिरीच्या पाण्यावर.

खात्री करायला चार दिवस बोअर बंद ठेवून घेतली आणि दोरीला दगड बांधून रोज विहिरीचं पाणी मोजलं. विहिरीवरची मोटरही बंदच होती. तरी पातळी रोज उतरत राहिली, कारण गळती मोटरवर अवलंबून नव्हती. मग बोअरमध्ये अडतीस फुटांच्या खालपर्यंत पोचेल असा प्लास्टिकचा पाइप उतरवला, त्याच्या बाहेरून कापडाच्या चिंध्या आणि सिमेंटचा गारा ठासून फट बुजवली. आवाज थांबला. विहिरीची पातळी त्यानंतर दोन दिवस जागची हलली नाही. तोवर विहिरीत जेमतेम हातभर पाणी उरलं होतं. ते गुरांना गेलं. वरून गळणारं पाणी तुटल्यावर बोअर आठवडाभरात कोरडी पडली. तिचं स्वतःचं पाणी कधीच संपलं होतं.

हिशोब

एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला तर चार हजार लिटर होतो. सातशे मिलिमीटरचं वर्ष असेल तर एकराला अठ्ठावीस लाख लिटर. आकडा ऐकून पोरं चक्रावली. लातूरच्या त्या पन्नास वाघिणींच्या रेल्वेत एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी यायचं. म्हणजे एक एकर रान चांगल्या वर्षी एका आख्ख्या रेल्वेपेक्षा जास्त पाणी झेलतं.

पण झेललेलं सगळं मुरत नाही. बरंचसं पीक आणि ऊन मिळून परत हवेत धाडतात, काही ओढ्याला जातं. भूजलाच्या मोजणीत कुजक्या बेसॉल्टसाठी पडलेल्या पावसाच्या सात टक्के आणि भेगाळ, भोकांच्या बेसॉल्टसाठी तेरा टक्क्यांच्या आसपास मुरतं असं धरतात. सात टक्क्यांनी एकराला दोन लाख लिटर.

नानांची बोअर भरात असताना तासाला दहा हजार लिटरच्या आसपास पाणी देत होती, पाच लिटरचा डबा किती सेकंदांत भरतो यावरून काढलेला अंदाज. आठ तास वीज म्हणजे दिवसाला ऐंशी हजार. एका एकरात वर्षभर मुरलेलं पाणी अडीच दिवसांत खलास. पुढं धार बारीक होत गेली, म्हणून चाळीस दिवसांचा अर्धाच उपसा धरला तरी सोळा लाख लिटर, आठ एकरांची वर्षाची कमाई. नानांचे एकर सहा. आणि ऊस मागतो वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात. हे मी पाटीवर खडूनं मांडून त्यांच्या ओसरीवर दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे मी शेजाऱ्याचं पाणी पिलो." त्यांच्या आवाजात जी खंत होती ती मला कुठल्याही पुस्तकात सापडली नसती.

मी त्यांना सांगितलं आणि इथंही सांगतो, चूक त्यांची एकट्याची नव्हती. केसिंग किती टाकावी, कोणत्या थरापर्यंत टाकावी हे त्या रात्री त्यांना कुणीच सांगितलं नाही. राज्याच्या २००९च्या भूजल कायद्यात साठ मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या पुढच्या विहिरीला खोल विहीर धरून वेगळे नियम आहेत. बांधावर ते कुणाच्या कानावर नव्हते.

पावसाळा

ऊस अर्धा वाळला, उरलेला चाऱ्याला गेला. जूनमध्ये मृगाचा पाऊस वेळेवर आला. नानांनी सहाही एकरांत सोयाबीन आणि तूर पेरली, उताराला आडवे बांध घातले आणि विहिरीच्या वरच्या अंगाला दोन लांब चर खोदले. चरांचं पाणी सरळ विहिरीत सोडू नका, गाळ जाईल, मुरूमातून झिरपू द्या, एवढंच मी सुचवलं. सातवीची पोरं आता आठवीत गेली होती, तरी दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोरी घेऊन विहिरीवर जात.

जुलैअखेर विहिरीत सहा फूट पाणी. ऑगस्टअखेर बारा. हिशोबाशी ते जुळत होतं: सातशे मिलिमीटरच्या सात टक्के म्हणजे एकोणपन्नास मिलिमीटर पाणी, ते शंभरात दोन एवढीच पोकळी असलेल्या दगडात उतरलं तर पातळी अडीच मीटर, म्हणजे आठ फूट चढते. तेरा टक्के मुरलं तर पंधरा फूट. थोड्या पोकळीचा दगड लवकर भरतो आणि लवकर रिकामाही होतो, हे पोरांनी स्वतःच सांगितलं.

पोळा २ सप्टेंबरला होता. त्याच्या आदल्या दिवशी बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा आंध्रचा किनारा ओलांडून तेलंगणावरून आमच्याकडे सरकला. मराठवाडाभर मुसळधार पाऊस झाला, परभणी-नांदेडकडे नद्या गावांत शिरल्या. आमच्या ओढ्याला दोन वर्षांत पहिल्यांदा पूर आला. बैलांची मिरवणूक चिखलातून, अंगावर पोती घेऊन काढली.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा नानांची नात दोरी घेऊन विहिरीच्या काठावर उभी होती. एकोणीस फूट. तिनं ओंजळभर पाणी घेऊन चाखलं आणि वहीत आकड्याच्या पुढं लिहिलं, "गोड." नाना बोअरच्या तोंडावरचं लोखंडी झाकण घट्ट आहे का ते हात लावून बघत होते. मग त्यांनी खाली वाकून पाइपाला कान लावला, आणि काही ऐकू येत नाही अशी मान हलवली.